भाषा काय, कोणीहि शिकवील!

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरांत शिक्षणाविषयीं मतें नसलेला मनुष्य शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. महामार्गालगतच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळीं दोन फेऱ्या मारल्या तर गणिताची शिकवणी कोणाकडे लावावी, विज्ञानाला कोणता क्लास बरा, मुलाला आठवीपासून वसतिगृहाच्या शाळेंत घालावें कीं न घालावें, ह्या सर्व प्रश्नांचीं उत्तरें फुकट मिळतात. मराठीच्या शिक्षकाचा विषय मात्र ह्या चर्चेंत सहसा निघत नाहीं. चुकून निघालाच तर एका वाक्यांत त्याचा निकाल लागतो. तें वाक्य म्हणजे, 'भाषा काय, कोणीहि शिकवील!' असें म्हणणारे गृहस्थ दुष्ट नसतात. ते डॉक्टर असतात, बँकेंत असतात, कित्येक तर स्वतः शिक्षक असतात. तथापि आमचें म्हणणें असें आहे कीं, ह्या चार शब्दांनीं महाराष्ट्रांतील निवासी शाळांचें, व त्यांतहि आदिवासी मुलांच्या आश्रमशाळांचें, जेवढें नुकसान केलें आहे तेवढें गळक्या छपरांनींहि केलें नसेल. आणि त्या शाळांत भाषा शिकवावयास धाडलेला उमेदवार शिक्षक हा त्या नुकसानीचें साधनहि आहे आणि तिचा पहिला बळीहि आहे.

उमेदवार हा शब्द आम्ही येथें जरा सैल अर्थानें योजीत आहों. बी. एड्. चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, व त्यांत सुमारें वीस आठवडे शाळेंत जाऊन काम करण्याची 'आंतरवासिता' आली. ती पुरी करणारा छात्राध्यापक हा एक उमेदवार. नेमणूक झाली तरी पहिलीं तीन वर्षें मानधनावर राहणारा शिक्षणसेवक हा दुसरा. तासांवर पैसे घेणारा तासिकेचा शिक्षक हा तिसरा. सरकारी कागदांत ह्या प्रत्येकाची जात वेगळी व पानहि वेगळें. परंतु बाकावर बसलेल्या पोराच्या दृष्टीनें हे सर्व एकाच कुळींतले. आज आले, उद्यां जाणार.

नाशिककरांस हा विषय दूरचा वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. राज्यांतील सुमारें ५०० सरकारी आणि साडेपांचशेंच्या आसपास अनुदानित आश्रमशाळांचा कारभार ज्या आदिवासी विकास आयुक्तालयांतून चालतो, तें ह्याच शहरांत आहे. वसतिगृहाच्या शाळा तर आम्हांस मुळींच नव्या नाहींत. मराठा विद्या प्रसारक समाजाचें उदाजी मराठा बोर्डिंग १९१४ सालचें, डॉ. मुंजे यांची भोंसला मिलिटरी स्कूल १९३७ सालची. आणि दादासाहेब बिडकरांनीं आदिवासी मुलांसाठीं उभें केलेलें डांग सेवा मंडळ तेंहि स्वातंत्र्यापूर्वींचेंच. घरापासून दूर ठेवून पोर शिकविण्याचा अनुभव ह्या गांवाला शंभर वर्षांहून अधिक आहे. इंदिरानगरच्या बोगद्यांतील गर्दींतून एकदां सुटका झाली कीं पेठ कांहीं फार लांब नाहीं. पण आपल्यांपैकीं किती जणांनीं त्या बाजूच्या एखाद्या शाळेंत बसून मराठीचा एक तास ऐकला असेल?

आमच्याच भागांत राहणारी, मराठी घेऊन एम. ए. झालेली एक मुलगी आमच्या परिचयाची आहे. तिचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, आणि शाळेचेंहि नाहीं. कारण ती शाळा विशेष वाईट होती असें आमचें म्हणणें नसून ती इतर शाळांसारखीच होती असें म्हणणें आहे. बी. एड्. च्या दुसऱ्या वर्षीं ती बागलाणच्या बाजूच्या एका निवासी शाळेंत गेली. बरोबर पाठटाचणांची वही होती: सामान्य उद्दिष्टें, विशिष्ट उद्दिष्टें, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. रंगीत तक्ते होते. ज्यांना शिकवावयाचें त्या मुलांच्या घरीं कोणती भाषा बोलतात, हें मात्र तिला महाविद्यालयांत कोणी सांगितलें नव्हतें. तो प्रश्न टाचणाच्या कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. शाळेंत मराठीचें पद रिकामें होतें, म्हणून दुसऱ्याच दिवशीं पांचवी ते आठवीचे मराठीचे सर्व तास तिच्या गळ्यांत पडले. मग सायंकाळची अभ्यासिका आली. आठवड्याभरानें अधीक्षिकाबाई रजेवर गेल्या, तेव्हां मुलींच्या खोलींत निजणेंहि आलें. तांदूळ मोजून देणें, ताप आलेल्या मुलीला घेऊन दवाखान्यांत जाणें, मुलांची माहिती संगणकांत भरणें, हीं कामें कोणाचीं तें विचारावयाचें नसतें. उमेदवार असतो कशाला? महाविद्यालयांतून निरीक्षक दोनदां आले. फळ्याच्या कोपऱ्यांत तारीख व इयत्ता लिहिली आहे कीं नाहीं तें त्यांनीं पाहिलें, आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोंचतो असा शेरा दिला, आणि चहा घेऊन ते गेले. आवाज पोंचत होता हें खरेंच आहे.

वर्गाच्या कपाटांत तिला एक जुनी वही सांपडली. ती आम्हींहि पाहिली आहे. 'माझे वडील' ह्या निबंधांत पांचवींतल्या एका मुलानें पहिलेंच वाक्य लिहिलें होतें: 'मना बाप वावरमा शे.' आधींच्या कोणा शिक्षकानें तीन शब्दांखालीं लाल रेघा ओढल्या होत्या. राहिलेला चौथा शब्द 'बाप', तोहि असभ्य म्हणून खोडून वर 'वडील' लिहिलें होतें. चार शब्दांचें वाक्य, आणि त्यांत चार चुका! निबंध त्या वाक्यापुढें गेलेलाच नाहीं. सुज्ञ वाचकहो, ह्या वाक्यांत चूक कोठें आहे तें शोधा. 'मना' म्हणजे माझा. आणि हें रूप अंदाधुंदीनें आलेलें नाहीं, कारण हेंच मूल बापाला 'मना' म्हणतें आणि आईला 'मनी' म्हणतें. लिंग बदललें कीं रूप बदलावें हा नियम तें पक्का जाणतें. 'वावरमा' म्हणजे वावरांत. जेथें आपण 'त' जोडतों तेथें तें 'मा' जोडतें, आणि तोच प्रत्यय गुजराती माणूसहि त्याच कामीं वापरतो. 'शे' म्हणजे आहे. ही अहिराणी आहे. खानदेशांत आणि ह्या जिल्ह्याच्या उत्तर भागांत लाखों माणसें रोज हींच रूपें बोलून बाजार करतात, लग्नें जुळवितात, भांडतात. शिक्षकानें ज्याला चार चुका म्हटलें त्या वस्तुतः एका व्याकरणाच्या चार साक्षी होत्या. ज्याला हें दिसेल तो त्या एका ओळीवरून प्रमाण मराठीचे तीन तास शिकवील: तुम्ही 'मा' म्हणतां, पुस्तक 'त' म्हणतें, चला, दहा शब्द घेऊन पाहूं. ज्याला हें दिसत नाहीं त्याच्याजवळ लाल शाईखेरीज दुसरें साधनच उरत नाहीं. आणि हें दिसण्यासाठीं शिकावें लागतें. 'कोणीहि' ह्या पदवीवर तें येत नाहीं.

ही तर अहिराणीची गोष्ट झाली, जी मराठीच्या अंगणांतच वाढलेली आहे. पश्चिमेस सुरगाण्याकडे, पेठेकडे, हरसूलकडे वळलें कीं कोकणा, वारली अशा बोली लागतात, आणि मग पुस्तकांतली मराठी व मुलाच्या तोंडची भाषा ह्यांतील अंतर आणखी वाढतें. शिवाय ह्याच मुलांपैकीं कांहींना सरकार स्वतःच्या खर्चानें शहरांतल्या इंग्रजी माध्यमाच्या 'नामांकित' निवासी शाळांत धाडतें. तेथें त्या मुलाला एका नदीऐवजीं दोन नद्या पोहून जावयाच्या असतात. पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

गांवच्या साध्या शाळेंत लाल रेघ ओढली गेली तर मूल संध्याकाळीं घरीं जातें, आपल्या भाषेंत रडतें, आपल्या भाषेंत जेवतें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हा उभें राहतें. निवासी शाळेंत ती सोय नाहीं. तेथें जी भाषा वर्गांत तीच पंगतींत, तीच हजेरींत, आणि तीच आजाऱ्याच्या खाटेजवळ. चूक झाली तर हंसें होणार हें कळलेलें सहा वर्षांचें मूल मग काय करतें? गप्प बसतें. हें गप्प बसणें पाहुण्यांना फार आवडतें. किती शिस्तीचीं मुलें, असें ते अभिप्रायाच्या वहींत लिहितात. पोटांत कळ येते, कानांत ठणका लागतो, मोठा मुलगा रात्रीं त्रास देतो, हें सांगावयास शब्द लागतात, आणि शब्द हे धोक्याचे असतात एवढा एकच धडा त्या मुलाचा पाठ झालेला असतो. आश्रमशाळांतील मुलांच्या मृत्यूंची चौकशी करण्यासाठीं राज्याला समिति नेमावी लागली, ही गोष्ट २०१६ सालची. त्या मृत्यूंचीं कारणें अनेक आहेत. तीं सगळीं भाषेच्या माथीं मारण्याइतके आम्ही भोळे नाहीं. पण उपचारांस उशीर कां होतो ह्याचा शोध घेतांना, त्या इमारतींत ज्याच्याजवळ आपल्या शब्दांत 'दुखतंय' म्हणतां यावें असें एकहि मोठें माणूस होतें काय, एवढें तरी विचारावयास नको काय?

ह्यावर आक्षेप येतात, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा कीं, पाण्यांत टाकल्याशिवाय पोहतां येत नाहीं. दिवसभर मराठी कानांवर पडूं द्या, मुलें आपोआप शिकतील. ठीक आहे. पण पोहावयास शिकविणारा कांठावर उभा असतो, कमरेला भोपळा बांधतो, आणि मुख्य म्हणजे पोर बुडूं लागलें तर त्याला तें ओळखतां येतें. भाषा न जाणणाऱ्या शिक्षकाला मूल पोहत आहे कीं बुडत आहे हेंच कळत नाहीं. दोन्हीं वेळां त्याला पाणी शांतच दिसतें. दुसरा आक्षेप असा कीं, ह्या बोलींना लिपि नाहीं, ग्रंथ नाहींत, मग त्यांचा एवढा आदर कशाला? लिपीचें म्हणाल तर मराठीला तरी स्वतःची एकटीची लिपि कोठें आहे? दप्तरें मोडींत लिहिलीं, पोथ्या बाळबोधींत लिहिल्या, आणि ती बाळबोधहि संस्कृताशीं वाटून घेतली. ग्रंथांचें म्हणाल तर ज्ञानदेवांच्या काळीं शास्त्रीपंडितांनीं मराठीविषयीं हेंच म्हणावें आणि आपण सातशें वर्षांनीं त्या पंडितांची कींव करावी, हा खेळ आपण आवडीनें खेळतों. मात्र अहिराणी समोर आली कीं त्याच पंडितांचें पागोटें आपल्या डोक्यावर चढतें.

आणि हें पागोटें अलीकडे फारच घट्ट बसूं लागलें आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हां आमच्या कॉलनींत पेढे वांटले गेले; आम्हींहि खाल्ले. पुढें १६ एप्रिल २०२५ रोजीं पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासननिर्णय निघाला, तेव्हां महाराष्ट्रभर जो गदारोळ उठला त्यांतील मुख्य युक्तिवाद काय होता? कीं सहा वर्षांच्या बालकाच्या डोक्यावर घरांत न बोलली जाणारी भाषा लादूं नये. त्याची अभिव्यक्ति खुंटते, तें बावरतें. हा युक्तिवाद आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. २९ जून २०२५ रोजीं सरकारला माघार घ्यावी लागली हेंहि योग्यच झालें. परंतु ज्या सभांत हा युक्तिवाद टाळ्या घेत होता त्यांतील एकाहि वक्त्यानें, सुरगाण्याच्या पहिलींतल्या मुलाला मराठी ही तशीच बाहेरची भाषा आहे, असें म्हटलेलें आमच्या तरी कानीं आलें नाहीं. मराठी त्यानें शिकूं नये असें कोण म्हणतो? मराठी त्याला आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे. तींतूनच त्याचा सातबारा, त्याचा दवाखाना आणि त्याची नोकरी जाते. वाद आहे तो कशावर उभें राहून ती शिकावयाची ह्याचा. घटनेंत १९५६ सालीं घातलेलें ३५० अ हें कलम भाषिक अल्पसंख्य मुलांस मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षण देण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्यानें करावा असें सांगतें. २०२० चें राष्ट्रीय शैक्षणिक धोरणहि शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा असावी असें म्हणतें. कागदाला आमच्याकडे कधींच तोटा नव्हता.

तोटा आहे तो टिकणाऱ्या माणसाचा. जानेवारी २०२३ पर्यंत शिक्षणसेवकाचें मानधन प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपये होतें; त्यानंतर तें अनुक्रमें १६,०००, १८,००० आणि २०,००० झालें. कित्येक वर्षें सहा हजारांवर माणसें राबविणाऱ्या समाजानें 'शिक्षकांत ध्येयवाद राहिला नाहीं' असें म्हणावें हा विनोद उच्च प्रतीचा आहे. पुढें मे २०२५ मध्यें आदिवासी विकास विभागानें आश्रमशाळांतील शिक्षकांचीं १,७९१ पदें बाह्यस्रोतानें, म्हणजे मक्तेदाराकडून माणसें घेऊन, भरावयाचें ठरविलें. वर्षानुवर्षें तासिकेवर वा रोजंदारीवर काम केलेले लोक त्याविरुद्ध बिऱ्हाडासह नाशकांत आले आणि जुलैच्या पावसांत आदिवासी विकास भवनासमोर बसले. त्यांतील प्रत्येकजण उत्तम शिक्षक होता असा दावा आम्ही करीत नाहीं. पण त्यांतल्या पुष्कळांना त्या मुलांची बोली येत होती, पुष्कळांची तर ती मायबोलीच होती. ही गोष्ट ना शासननिर्णयांत गुण म्हणून धरलेली, ना वर्तमानपत्रांत. इमारत झाडावयास माणूस मक्त्यानें मिळतो, कारण आजचा केर कालच्या केरासारखाच असतो. भाषेच्या शिक्षकाची सारी पुंजी म्हणजे ह्या चाळीस मुलांपैकीं कोण कोठें अडखळतें ह्याची त्याला असलेली आठवण. आणि ती मक्त्याबरोबर दर वर्षीं गांवीं निघून जाते.

उमेदवारी म्हणजे काय असते हें पाहावयास फार दूर जावें लागत नाहीं. १९४५ सालीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र निघालें, तेव्हां अनुताई वाघ ताराबाई मोडकांच्या हाताखालीं काम करूं लागल्या. १९५७ सालीं तें काम कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तींत गेलें. आणि १९७३ सालीं ताराबाई वारल्या तोंपर्यंत त्या दोघींची जोडी फुटली नाहीं. अठ्ठावीस वर्षांची ही उमेदवारी! मुलें गुरें चारावयास जातात म्हणून शाळेंत येत नाहींत असें दिसलें, तेव्हां शाळाच कुरणांत नेली. त्या संस्था वसतिगृहाच्या नव्हत्या हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु वसतिगृहाचें उदाहरण हवें तर साताऱ्याकडे पाहावें. भाऊराव पाटलांनीं वसतिगृह आधीं काढलें, १९२४ सालीं. आणि शिक्षक तयार करणारें विद्यालय मागाहून, १९३५ सालीं. हा क्रम महत्त्वाचा आहे. मुलें कशीं निजतात, काय खातात, कोणत्या शब्दांनीं भांडतात हें अकरा वर्षें पाहिल्यावर त्यांनीं शिक्षक कसा असावा ह्याला हात घातला. आज आमचीं अध्यापक महाविद्यालयें शहरांत वाढतात, आणि आश्रमशाळा त्यांना वीस आठवड्यांचें शिबिर वाटतें.

मग काय करावें? आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांत पैशाचा खर्च फारसा नाहीं. निवासी शाळेंतील भाषेचें रिकामें पद छात्राध्यापकाच्या बळावर चालवूं नये. त्याला अनुभवी शिक्षकाच्या शेजारीं बसवावें, त्याच्या जागीं नव्हे. भाषेच्या उमेदवाराला वीस आठवड्यांचे तुकडे न देतां एका शाळेंत, एकाच इयत्तेबरोबर, जून ते एप्रिल सबंध वर्ष राहूं द्यावें. रात्रपाळी आणि तांदळाचें माप त्याच्याकडून काढून घ्यावें. आणि वर्गांत उभें राहण्यापूर्वीं मुलांच्या बोलींत त्याची परीक्षा घ्यावी: लेखी नव्हे, तोंडी, आणि परीक्षक म्हणून विद्यापीठांतला कोणी नको, त्याच शाळेंतील स्वयंपाकीणबाई बसवाव्या.

ही थट्टा नव्हे. पुष्कळ शाळांत मुलांची भाषा अस्खलित जाणणारीं मोठीं माणसें असतात तीं स्वयंपाकघरांतच, कामाठ्याच्या खोलींत, फाटकावर. मुलें बोलतात तीं तेथेंच. वर उल्लेखिलेल्या मुलीला हें तिसऱ्या आठवड्यांत ध्यानांत आलें. रोज संध्याकाळीं भाकरी भाजल्या जात असतांना ती मावशींजवळ बसे, आणि मुलांच्या वह्यांतील लाल रेघांचे शब्द एक एक करून त्यांना विचारी. मावशींना प्रथम आश्चर्य वाटलें, मग हंसूं आलें, मग त्या स्वतःच चुलीपुढून हांका मारून शब्द देऊं लागल्या. सुमारें चारशें शब्द झाले: मुलाचा शब्द, पुस्तकांतला शब्द, आणि दोहोंना जोडणारें एक वाक्य. ती यादी पाठटाचणाच्या वहीच्या मागच्या पानांवर आहे. निरीक्षकांनीं त्या पानांवर 'अनावश्यक' असा शेरा मारला. वीस आठवडे संपले, ती इंदिरानगरास परत आली, आणि तिच्या जागीं कोल्हापूरकडचा एक नवा उमेदवार रुजू झाला. वही अद्याप तिच्याचकडे आहे. शाळेनें ती मागितलेली नाहीं.